नामिस्वोव्स्की ऐकायचा तर टाळी धरून

जॅझ सॅक्सोफोनवादक झ्बिग्न्येव नामिस्वोव्स्की म्हणजे पोलंडचा कोल्ट्रेन (अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक) असं वाचलंत, आणि दोन वर्षं आल्टो सॅक्सोफोन शिकताय तर त्याला ऐकायला कुठून लागावं असं विचारताय. वाचलेलं आधी विसरा. कोल्ट्रेनचा ठसा आहेच, त्या पिढीत कोणावर नव्हता? पण या माणसाची खरी खोड मोजण्यात आहे.

त्याची 'प्योंताव्का' ही रचना लावा आणि टाळी धरा. पाच मात्रा. 'शुद्माव्का'त सात. नावंही त्या आकड्यांवरूनच पडलेली. ऐकताना कसरत वाटत नाही, झपताल-रूपकात मुरलेल्या कानाला तर नाहीच. (तबला वाजवणारा माझा मित्र पहिल्याच फेरीत समेवर आला, मी चारदा चुकलो.)

जन्म वॉर्साचा, 1939 चा. आधी पियानो आणि चेलो, मग डिक्सीलँड (जुन्या धाटणीचा जॅझ) बँडमध्ये ट्रॉम्बोन, आल्टो नंतर. 1962 मध्ये पियानोवादक त्शास्कोव्स्कीच्या 'रेकर्स' बँडबरोबर अमेरिका दौरा. 1964 मध्ये लंडनला डेक्का कंपनीसाठी 'लोला' ही तबकडी. तुम्ही तिथूनच सुरू करा. मग पोलिश पियानोवादक कोमेदाचा 'अस्टिग्मॅटिक' अल्बम, डिसेंबर 1965 चा. त्यात तोमाश स्तान्कोच्या ट्रंपेटशेजारी आल्टोची धार ऐका. सूर गोड करायचा मोह त्याला अजिबात होत नाही, आणि आपल्याकडे सॅक्स म्हटलं की नेमकं तेच करतात.

1973 च्या 'विनोब्रान्ये'त 'ताजमहाल' नावाची रचना आहे. आपण हटकून आधी तीच लावतो. नका लावू, आख्खी तबकडी ओळीने ऐका. त्यानंतरच्या 'कुयाव्याक गोज फंकी'त (1975) पोलंडच्या कुयावी भागातलं तीन मात्रांचं संथ लोकनृत्य थेट फंकला भिडवलंय. 1995 मध्ये तर दक्षिण पोलंडातल्या झाकोपानेच्या डोंगरी गावकऱ्यांची फिडलच सोबतीला घेतली. त्या गाण्यांत मध्यम तीव्र लागतो, कान लगेच टवकारतील.

शिकवलं त्याने कार्यशाळांत, पण जास्त बँडमध्ये. तरुण वादक घ्यायचे आणि अवघड मात्रांचं चक्र त्यांच्या पुढ्यात टाकायचं. मुलगा यात्सेक त्याच पंक्तीतला, ट्रॉम्बोनवर. नामिस्वोव्स्की स्वतः 2022 मध्ये गेला बिचारा.

तुमच्यापुरतं सांगतो. सोलो उतरवायच्या आधी 'प्योंताव्का' आठवडाभर नुसती टाळीवर म्हणा. आणि पाचव्या मात्रेला श्वास घ्यायची सवय लावू नका. त्याची वाक्यं तिथं संपत नाहीत, पुढच्या आवर्तनात शिरतात.