टोटेम खाली घ्या, मग मिरॅकलचं बघू

भाऊ, 'गाव उपाशी आहे, मिरॅकल (चमत्कार) टाकायला शक्ती उरत नाही, शेजारचं गावही भक्तीकडे वळत नाही, काय करू?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि मला २००३ चा मे महिना आठवला. आपण देव होऊन गावं सांभाळायचा संगणकावरचा खेळ 'ब्लॅक अँड व्हाइट', त्यातली तिसरी भूमी म्हणजे तिसरा टप्पा, आपलं क्रीचर (पाळलेला मोठा प्राणी) लेथिस या शत्रू देवानं पळवून नेलेलं, गावकरी भुकेनं ओरडून राहिले, मिरॅकल टाकायला जावं तर शक्ती नाही, आणि शेजारचं गाव काही केल्या वळत नाही. अगदी हीच गत माझी होती, म्हणून सविस्तर लिहितो. हाताच्या खुणा, कॅमेरा हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

तुम्ही ओघात लिहून गेलात की टोटेम, म्हणजे गावाच्या मधला खांब, 'पूर्ण वर' आहे. सगळं दुखणं तिथंच आहे.

मीही तेच केलं होतं. टोटेम वर ओढला की गावातली माणसं मंदिराजवळ पूजेला जातात, पूजेतून शक्ती येते. मग जितका वर तितकं चांगलं, असा माझा सरळ हिशेब. नागपुरात महाल भागातल्या घरात दुपारी कूलरच्या आवाजात हेडफोन लावून बसायचो. पहिली पंधरा-वीस मिनिटं शक्ती भरपूर. मग कोठारावरचा अन्नाचा झेंडा (गरज वाढली की तो वर चढतो) चढू लागला. मी धान्याचं मिरॅकल टाकलं, झेंडा उतरला. थोड्या वेळात परत चढला, परत टाकलं. एकदा सहज कॅमेरा पूजेच्या जागेवर खाली नेला. माणसं गोल करून नाचत होती आणि त्यातली एक म्हातारी नाचता नाचताच खाली बसली, ती उठलीच नाही. कानात तो कुजबुजता आवाज आला, 'डेथ'. तुम्ही ऐकला असेल. त्या दुपारी तो इतक्यांदा ऐकला की मी हेडफोन काढून ठेवले.

झालं काय होतं? शेतात राबणारी माणसंच मी पूजेला नेली होती. पिकाकडे बघायला कोणी नाही, म्हणून कोठार रिकामं. कोठार रिकामं म्हणून मी धान्याचं मिरॅकल टाकायचो, आणि त्याला लागणारी शक्ती पूजेतून यायची. म्हणजे पूजा करणाऱ्यांनी कमावलेलं सगळं त्यांनाच जेवू घालण्यात जात होतं. हा फेरा लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. तोवर अर्धं गाव संपलं होतं. भूमी पुन्हा पहिल्यापासून खेळलो.

माझे मामा काटोलकडचे, संत्र्याची बाग आहे. अंबिया बहार (संत्र्याचा एक फुलोरा) धरायचा असला की ते आधी झाडांना ताण देतात, पाणी तोडतात. लहानपणी मला वाटायचं, झाडं सुकून राहिली तरी मामा पाणी का देत नाहीत? ते म्हणायचे, आत्ता पाणी दिलं तर नुसता पाला येईल, फूल येणार नाही. गावाचंही तसंच आहे असं माझं ठाम मत झालंय. झेंडा जरा चढला की लगेच धावू नका. गाव मरायला टाकू नका, पण थोडा ताण सोसू द्या.

आता काय करायचं ते. टोटेम अर्ध्याच्याही खाली घ्या आणि माणसांना घरी येऊन विसावू द्या. दोन-चार जणांना उचलून शेतात ठेवा, म्हणजे ते शेतकरी होतात. शक्ती साठली की पहिलं मिरॅकल पाण्याचं, आणि ते शेतावर. धान्याचं मिरॅकल एक वेळचं जेवण देतं, पाण्याचं पीक वाढवतं. लाकडासाठी तर मिरॅकल वापरूच नका. झाड उपटा आणि कोठारात टाका, त्याला शक्ती लागत नाही. पडद्यावरचा देवाचा हात फुकट आहे हे फार जण विसरतात. ढालीचं मिरॅकल लावून ठेवलं असेल तर ते आधी काढा, ते आहे तोवर शक्ती खात राहतं.

शेजारच्या गावाचं सांगायचं तर एकच मिरॅकल पुन्हा पुन्हा दाखवलं की लोक कंटाळतात. तुम्ही सलग धान्य टाकताय, म्हणून त्यांना काही वाटत नाही. आलटून पालटून करा: आज पाणी, मग जंगल, मग मोठा दगड भिरकावा. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आपला माणूस त्यांच्या गावात सोडून त्याला मिशनरी (आपली भक्ती पसरवणारा) करणं. वेळ लागतो, पण शक्ती खर्च होत नाही.

हे सगळं २००१ च्या मूळ खेळाबद्दल आहे. २००५ च्या दुसऱ्या भागात सैन्य आणि शहर उभारणी आल्यावर हिशेब बदलला, तिथं माझं ऐकू नका. आणि दुष्ट देव म्हणून खेळायचं असेल तर बळी देऊनही शक्ती मिळते. मला ते कधी जमलं नाही, म्हणून त्यावर सल्ला देत नाही.

जाता जाता एक. सेव्हचं फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवा, आजच. दुसऱ्यांदा खेळून मी चौथ्या भूमीवर पोहोचलो होतो, मुख्य शत्रू देव नेमेसिसचे शाप सुरू झाले होते. तेव्हा मॉनिटर लुकलुकतो म्हणून पीसी सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. त्यांनी न विचारता हार्ड डिस्क फॉरमॅट केली. दोन महिन्यांचा खेळ, बहिणीच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो, सगळं गेलं. विचारलं तर म्हणाले, 'व्हायरस होता.' मॉनिटरची वायर सैल होती, ती मी घरी येऊन स्वतः घट्ट केली. इतकी वर्षं झाली, अजूनही त्या गल्लीतून जाताना राग येतो.

असो. आज रात्री टोटेम खाली घ्या, दोन पिकं निघू द्या, आणि अन्नाचा झेंडा कुठवर उतरला ते इथं लिहा. नाही उतरला तर गावात माणसं किती आणि शेतं किती ते सांगा, मग पुढचं बघू.