उभयान्वयी अव्यय कोणत्या वाक्याचं, ते आधी ठरव

गौण वाक्यांच्या अभ्यासाला लागला आहेस, तर नुसती अव्ययांची यादी करत बसू नकोस. प्रत्येक अव्यय कुठल्या वाक्याला चिकटलंय ते आधी बघ. लोकलमध्ये रोज ऐकू येणारं वाक्य घे : ‘दादरला उतरलो की फोन करतो.’ आणि दुसरं : ‘तो म्हणाला की गाडी चुकली.’ दोन्हीकडे ‘की’ मधेच दिसतो, पण जागा वेगळी. वाक्य उलटून बघ. ‘फोन करतो, दादरला उतरलो की’ हे चालतं, म्हणजे हा ‘की’ गौण वाक्याच्या शेवटी आहे. ‘तो म्हणाला’मधला ‘की’ मात्र पुढच्या वाक्याचा, त्याच्या सुरुवातीचा. तेच वाक्य पुढे आणायचं तर ‘असं’ लागतं : ‘गाडी चुकली असं तो म्हणाला.’ ही उलटण्याची कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

क्रियापद कर्माआधी येणाऱ्या भाषांत, उदाहरणार्थ इंग्रजीत, असे शब्द बहुधा गौण वाक्याच्या सुरुवातीला येतात. जपानीसारख्या क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत ते बऱ्याचदा शेवटी जातात. मराठीत दोन्ही सापडतं, शिवाय ‘पडल्यामुळे’सारखी प्रत्ययाची वाटही आहे. ‘जर’ तर कर्त्यानंतरही बसतो : ‘पाऊस जर थांबला तर निघू.’

माटुंग्यात तमिळ, गुजराती दोन्ही बोलणारे भेटतील. गुजराती ‘के’ सुरुवातीला येतो, तमिळ ‘एन्रु’ शेवटी. तो ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून आलाय, आपल्या ‘म्हणून’सारखाच. वाक्यं भाषांतरित करून मागू नकोस, गप्पांतून टिपून घे.