आर्थिक परिषदेच्या आधी दावोस कशामुळे प्रसिद्ध होतं?

क्षयरोगामुळे. दर जानेवारीत महाराष्ट्राच्या गुंतवणूक करारांच्या बातम्यांत आपण हे नाव ऐकतो. पण ती परिषद (वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम) तिथे १९७१ पासून भरते, आणि गावाची कीर्ती त्याच्या शंभरेक वर्षं आधीची आहे.

स्वित्झर्लंडमधल्या सुमारे १,५६० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात १८५३ मध्ये अलेक्झांडर श्पेंगलर हे डॉक्टर आले. जर्मनीतल्या १८४८-४९ च्या उठावात भाग घेतल्यामुळे त्यांना मायदेश सोडावा लागला होता. इथल्या लोकांना क्षय जवळजवळ होत नाही, हे त्यांनी हेरलं. १८६५ मध्ये बाहेरचे रुग्ण चक्क हिवाळ्यात राहायला आले. पुढे विलेम यान होल्सबूर या डच गृहस्थांनी श्पेंगलरांच्या साथीने आरोग्यधाम उभारलं. १८९० मध्ये गावात रेल्वे आली, तीही होल्सबूर यांच्याच खटपटीने.

उपचार काय, तर उन्हाकडे तोंड असलेल्या बाल्कनीत, घोंगड्यांत गुंडाळून तासन्‌तास पडून राहायचं आणि पौष्टिक खायचं. रोगावर थेट औषध नव्हतंच. युरोपभरातून आशेने आलेली कितीतरी तरुण माणसं तिथेच गेली. दावोसच्या वैभवाबद्दल बोलताना त्यांचा उल्लेख व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं आणि सॅनेटोरियम, म्हणजे अशी आरोग्यधामं, हळूहळू ओस पडली. स्कीइंग तोवर रुजलेलं असल्याने गाव तगलं. १९०० मध्ये सुरू झालेलं दावोसमधल्या शात्साल्पचं सॅनेटोरियम आज हॉटेल आहे.