ड्रॉ म्हणजे ओढणे की काढणे?

कर्नाटकातल्या निपाणीकडच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय: 'ड्रॉ या क्रियापदाने मुलं गोंधळतात. चित्र काढणं ड्रॉ, विहिरीतून पाणी काढणं ड्रॉ, बँकेतून पैसे काढणं ड्रॉ, पडदा ओढणं ड्रॉ. वर सामनाही ड्रॉ होतो आणि टेबलाला ड्रॉवर असतो. हा सगळा एकच शब्द आहे का, आणि मुलांना सांगायचा कसा?'

एकच आहे, बाई. मूळ अर्थ ओढणे. ड्रॅग हा त्याचा अगदी जवळचा नातेवाईक. चित्राचा अर्थ मागाहून आला. लेखणी कागदावरून ओढत नेली की रेघ उमटते. आपणही रेघ ओढतोच, आणि कन्नडात 'गेरे एळे' म्हणतात, तिथेही एळे म्हणजे ओढ. रेघेचं चित्र झालं तेव्हा मात्र तिघांच्या वाटा फुटल्या. मराठीने काढणे घेतलं, कन्नडाने 'चित्र बिडिसु' म्हटलं, इंग्रजीने ड्रॉच ठेवलं.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते आपलं काढणे. प्राकृतात 'कड्ढइ' म्हणजे ओढतो. बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्राने आपल्या व्याकरणात कड्ढ हे रूप संस्कृत कृष् धातूच्या जागी येतं असं नोंदवलंय. कृष् म्हणजे ओढणे, आणि नांगर ओढणेही, म्हणून तर कृषी. या कड्ढचंच मराठीत काढणे झालं. म्हणजे ड्रॉला काढणे हा प्रतिशब्द वर्गात बाई सांगतात तेव्हा त्या नुसती सोय पाहत नसतात. दोन्ही शब्द ओढण्यापासून निघाले आणि आपापल्या वाटेने जवळजवळ त्याच गावी पोचले. 'निष्कर्ष काढणे' हे इंग्रजीवरून उचललंय असं काही जण म्हणतात. पण निष्कर्ष शब्दाच्या पोटातच कृष् बसलेला आहे. आकर्षणाच्याही पोटात तोच. इंग्रजी अट्रॅक्टमध्ये लॅटिन ओढणे आहे, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरचं नावही त्याच लॅटिन क्रियापदावरून पडलंय. (काढा मात्र या घरातला नाही. तो कढणे, कढी यांच्याबरोबरचा, संस्कृत क्वथ् धातूकडून आलेला.)

मुलांना शिकवताना विहिरीपासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. आपल्या भागातल्या मुलाला घरात 'पाणी शेंदणे' ऐकायला मिळतं आणि शेजारच्या कन्नड घरात 'नीरु सेदु'. शेंदणे आणि सेदु फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. दोर हाताखाली येत राहतो, घागर वर येते, ही ड्रॉची अस्सल कृती: धीमी, सलग, आणि शेवटी काहीतरी हाताशी येणारी. पुलमध्ये नुसता जोर असतो, ड्रॅगमध्ये फरफट असते. आता तोच सेदु कन्नडात बिडीलाही लागतो, 'बीडी सेदु'. आपण विडी ओढतो, आणि इंग्रजीत विडीच्या झुरक्याला ड्रॉ म्हणतात. निपाणीच्या मुलांना तंबाखूच्या गावातलं हे उदाहरण वेगळं समजवावं लागणार नाही. सातवीच्या वर्गात ते द्यायचं की नाही हे मात्र बाईंनी ठरवावं.

एकदा हे बसलं की बाकीचे भराभर सुटतात. म्यानातून तलवार काढणे, चिठ्ठी काढणे, सोडत काढणे, खात्यातून पैसे काढणे, सगळीकडे आत असलेलं बाहेर येतं. ड्रॉवर म्हणजे ओढून उघडायचा खण. चेकच्या व्यवहारात चेक लिहून देणाऱ्यालाही ड्रॉअर म्हणतात, 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) हाच शब्द आहे. तिथे तो ओढला जाणारा नाही, काढणारा, म्हणून उच्चार थोडा लांबवतात. डिमांड ड्राफ्टमधला ड्राफ्ट त्याच कुळातला. अर्जाचा कच्चा मसुदा तोही ड्राफ्ट, आणि गाडी-नांगर ओढणाऱ्या बैलांना इंग्रजीत म्हणतात तेही ड्राफ्ट. ड्रॉइंग रूमचा चित्रकलेशी काही संबंध नाही. मूळ शब्द विथड्रॉइंग रूम, म्हणजे मंडळींपासून बाजूला होऊन बसायची खोली. पुढचा तुकडा गळाला आणि आता तिथेच पाहुणे बसवले जातात.

दोन ठिकाणी मात्र काढणे उपयोगी पडत नाही, ती मुलांना वेगळी सांगावीत. एक, 'दिवस जवळ येतो' अशा अर्थाचा ड्रॉ. तिथे कोणी काही ओढत नाही, वेळच सरकते. दुसरं, सामना. फुटबॉलमध्ये गोल समान झाले की ड्रॉ, त्याला आपण बरोबरी म्हणतो. कसोटी क्रिकेटमध्ये वेळ संपला आणि निकाल लागला नाही तर ड्रॉ, तो अनिर्णित. सगळे डाव पूर्ण होऊन धावा सारख्या झाल्या तर टाय, जसा 1986 साली मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात झाला. कसोटीच्या ड्रॉला 'बरोबरीत सुटला' असं लिहिलेलं मला खटकतं. अनिर्णित हा नेमका शब्द हाताशी असताना तो वापरावा.

उलट बाजूने काढणे कितीतरी पुढे गेलंय. आठवण काढणे, समजूत काढणे, खोड काढणे, दिवस काढणे, झोप काढणे: यांतल्या एकालाही ड्रॉ चालणार नाही, आणि मुलं हमखास इथेच तो लावतात. तेवढी वाक्यं आधीच फळ्यावर मांडून ठेवावीत. आणि पडद्याचं विचारलंत, तर इंग्रजीत पडदा ड्रॉ केला म्हणजे उघडलाही असेल किंवा लावलाही. परीक्षेत हे वाक्य आलं तर मागचं-पुढचं वाचूनच उत्तर लिहायला सांगावं.