कपड्यांचा रंग निवडण्याआधी त्वचेची छटा ओळखा
ताई, त्वचेचा गोरा-सावळा रंग आणि तिची आतली छटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळगावच्या उन्हात चेहरा रापतो, पण आतली पिवळसर किंवा गुलाबी झाक तशीच राहते. ही झाक ओळखायला मनगटावरच्या शिरा पाहाव्यात असे सांगतात, मात्र सावळ्या हातावर त्या नीट दिसत नाहीत, म्हणून माझा विश्वास कापडावरच अधिक आहे. सकाळी चेहरा धुऊन, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नव्हे तर ओसरीवरच्या उजेडात, हनुवटीखाली आधी पांढरेशुभ्र आणि मग मोतिया रंगाचे कापड धरा. मोतिया रंगाने डोळ्यांखालचा काळेपणा निवळल्यासारखा वाटला, तर छटा उबदार, म्हणजे पिवळसर, समजून मोहरीपिवळा, विटकरी, शेवाळी हे रंग निवडावेत. पांढऱ्याने चेहरा उजळला, तर छटा थंड, म्हणजे गुलाबी, समजून निळा, जांभळा किंवा राणी रंग घ्यावा. दोन्ही सारखेच शोभले, तर छटा मधली असते.