‘लाँग रेंज पेट्रोल’: गस्त, टेहळणी की पथक?

प्रश्न असा आला आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या लिबिया-इजिप्तच्या मोहिमांवरच्या एका मराठी मजकुरात ‘लाँग रेंज पेट्रोल’ नावाची ब्रिटिश तुकडी भेटते आणि पुढे तिलाच ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हटलेलं दिसतं. या तुकड्या दोन की एक? ‘पेट्रोल’चा इंधनाशी काही संबंध आहे का? आणि मराठीत म्हणायचं तर ‘गस्त’ म्हणावं की ‘टेहळणी’?

तुकडी एकच. जुलै १९४० मध्ये कैरोत ती उभी राहिली तेव्हा तिचं नाव ‘लाँग रेंज पेट्रोल’ होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती वाढवली गेली आणि ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे नाव मिळालं.

इंधनाशी संबंध अजिबात नाही. इंधनवाचक पेट्रोल लॅटिनमधल्या ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘ओलियम’ म्हणजे तेल यांच्यापासून आलं. तुकडीच्या नावातला शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. चिखलपाण्यात पाय मारत चालणं या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून तो निघाला आणि त्याच्याही मुळाशी पंजा किंवा पाऊल आहे. मराठीत मात्र दोन्ही ‘पेट्रोल’ झाले. ‘पोलिसांचे पेट्रोलिंग सुरू असताना’ हे बातम्यांमध्ये इतकं रुळलं आहे की तिथे कुणी अडखळत नाही. या तुकडीच्या बाबतीत अडखळायला होतं, कारण तिच्या हकिगतीत दर दोन ओळींनी खरंखुरं इंधन येतं: डबे, साठे, वाळूत पुरून ठेवलेला राखीव माल. म्हणून इथे ‘पॅट्रोल’ असंच लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गस्त की टेहळणी हे ठरवायला तुकडी कशासाठी निघाली ते पाहावं लागतं. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. दोन युद्धांच्या मधल्या काळात त्याने काही मित्रांसह फोर्ड मोटारी घेऊन लिबियाचं वाळवंट हौसेने पालथं घातलं होतं. टायरमधली हवा कमी करून मऊ वाळूवरून जाणं, रुतलेल्या चाकांखाली पत्र्याच्या पट्ट्या सारणं, रेडिएटरमधून निघणारी वाफ थंड करून पाणी परत मिळवणं ही सगळी युक्ती तेव्हाची. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र भरवशाचं राहत नाही, म्हणून सुईची सावली पाहून दिशा ठरवणारं सूर्य-होकायंत्र त्याने गाडीवर बसवलं. १९३९ मध्ये तो पूर्व आफ्रिकेकडे निघाला असताना त्याच्या जहाजाची भूमध्य समुद्रात टक्कर झाली, दुरुस्तीसाठी जहाज पोर्ट सईदला लागलं आणि हा माणूस इजिप्तमध्येच राहिला. वाळवंटी तुकडीची त्याची सूचना आधी नाकारली गेली. १० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारलं आणि चित्र पालटलं. लिबियाच्या आग्नेय भागातलं कुफ्रा हे मरूद्यान आणि इजिप्तच्या हद्दीवरचा उवेनात डोंगर इथून इटालियन सैन्य नाईलकडे काही हालचाल करतं आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश फौजांचा सेनापती वेव्हेल याने बॅग्नोल्डला बोलावून घेतलं, मंजुरी दिली आणि तयारीला सहा आठवडे दिले. जुने सोबती, पॅट क्लेटन आणि बिल केनेडी शॉ, दुसऱ्या मुलखांतून आणवले. शेव्हरले ट्रक काही विकत घेतले, काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणले. माणसं बहुतेक न्यूझीलंडच्या डिव्हिजनमधली.

आता शब्द. ‘गस्त’ फारसीतून आला, मूळ अर्थ फिरणं, वळणं. पण मराठीत आपण गस्त घालतो ती आपल्या राखणीतल्या जागेभोवती: गल्लीत, गडाच्या तटावर, सरहद्दीवर. गस्तवाला फेरी पूर्ण करून मूळ जागी येतो आणि पुन्हा निघतो. शत्रूच्या मुलखात शेकडो मैल आत जाऊन शत्रू काय करतो ते पाहणं याला ‘टेहळणी’ म्हणावं. मूळ काम हेच होतं. १९४२ मध्ये मार्च ते जुलै त्रिपोली-बेंगाझी रस्त्यालगत या तुकडीची माणसं पाळीपाळीने दडून राहिली आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी, रणगाडा, तोफ टिपत गेली. त्याला गस्त म्हणणं म्हणजे मराठी वाचकाची दिशाभूल करणं होय. अर्थात टेहळणी हा शब्दही सगळं काम सांगत नाही, कारण हल्लेही होतेच. वेव्हेलपुढे बॅग्नोल्डने वाळवंटातल्या चाचेगिरीची भाषा केली होती. जमिनीवरच्या या उद्योगाला आपल्याकडे ‘वाटमारी’ हा नेमका शब्द आहे, फक्त त्याला लागलेला गुन्ह्याचा वास इथे आड येतो.

आणखी एक बारकावा. या तुकडीत ‘पॅट्रोल’ हे कामाचं नाव उरलं नव्हतं, ते माणसांच्या घटकाचं नाव झालं होतं. सुरुवातीला असे तीन घटक होते, आर, टी आणि डब्ल्यू. तिथे गस्तही चालणार नाही आणि टेहळणीही. तिथे ‘पथक’ घ्यावं: आर पथक, टी पथक. मराठा फौजांत सरदाराची आपापली फौज ‘पथक’ म्हणूनच ओळखली जाई, त्यामुळे स्वतःचा सरंजाम बरोबर घेऊन निघालेल्या घटकाला हा शब्द शोभतो. ‘लाँग रेंज’साठी ‘लांब पल्ल्याचं’ उत्तमच. एसटीच्या गाडीलाही तो लागतो आणि क्षेपणास्त्रालाही, म्हणजे अंतर आणि पोच दोन्ही त्यात येतात.

‘डेझर्ट’ला ‘वाळवंट’ म्हणायला हरकत नाही, पण पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी जे वाळवंट आहे तो या शब्दाचा जुना अर्थ, नदीकाठची वाळू. लिबियाच्या वाळवंटात महा-वालुकासागर आहे तशी मैलोन्‌मैल घट्ट खडीची सपाट मैदानंही आहेत, आणि ट्रक वेगाने धावत ते या मैदानांवर. वर्णन करताना ‘वाळू’ आणि ‘खडी’ वेगळी सांगितली तर वाचकाला प्रवास कळेल.

विशेषनाम म्हणून नाव आलं तर त्याचं भाषांतर करू नये, ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाला ‘हे लांब पल्ल्याचं टेहळणी पथक’ एवढं जोडावं. हाच नियम ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’लाही लावा. भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांतल्या जवानांचं हे दल पुढे याच ग्रुपबरोबर वाळवंटात उतरलं. त्याच्या घटकांनाही इंग्रजीत ‘पॅट्रोल’च म्हणत, म्हणून मराठीत जाट पथक, शीख पथक असं लिहावं, ‘जाट गस्त’ लिहिलं तर जाट पहारेकरी फेरी घालताहेत असंच वाटेल.