पुण्यात वस्तीतल्या मुलांना नोकरी मिळत नाही ती शिक्षण कमी म्हणून, की पत्त्यामुळे?

शिक्षणाचा वाटा आहेच. पण मी दांडेकर पुलाजवळ मुलांना नोकरीला लावायचं काम करतो आणि बारावी झालेली, एमएससीआयटी केलेली, बोलायला चुणचुणीत पोरंही अडकलेली बघतो.

पत्ता आडवा येतो, हे मुलांनाही ठाऊक असतं. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीतली मुलं बायोडेटावर नुसतं 'पर्वती' लिहितात. एकीने तर मावशीचा सहकारनगरचा पत्ता टाकला होता. आडनावाचंही तेच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नाव वेगळं असलेले अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले होते. २००७ साली निष्कर्ष छापून आले: सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं यायची शक्यता दलित नावाला साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

मग अंतर. जॉन केन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये शिकागो आणि डेट्रॉइटबद्दल मांडलं होतं की कृष्णवर्णीयांना घरं ठरावीक भागातच मिळतात आणि नोकऱ्या उपनगरांकडे सरकतात. तिथला वर्णभेद आणि आपली जात एक नव्हे, पण इथेही जुन्या वस्त्या शहराच्या पोटात आणि कामं हिंजवडी, खराडी, चाकणला. इंजिनिअरला कंपनीची कॅब न्यायला येते. त्याच इमारतीत हाऊसकीपिंगला असलेला कंत्राटी पोरगा मनपाच्या बसथांब्यावर बस बदलतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर तर तीही मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून मुलींना घरून सरळ नकार.

माझ्या मते मात्र सगळ्यात जास्त पोरं गळतात पहिल्या महिन्यात. पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. तोवर बसभाडं, काळे बूट, फॉर्मल पँट, बँकेत खातं, शिवाय घरचं रेशन. आई चार घरची धुणीभांडी करत असेल तर हे कुठून आणायचं? मार्केट यार्डात माल उतरवला की संध्याकाळी रोकडा हातात पडतो. पोरगा तिकडे वळतो आणि सुपरवायझर म्हणतो, 'ही वस्तीतली पोरं टिकतच नाहीत.' पुढच्या पोराला तिथे दार बंद.

आणि ओळख! गल्लीत सगळे डिलिव्हरीला नाहीतर सिक्युरिटीला, त्यामुळे कानावर जागाही त्याच येतात. बँकेत, लॅबमध्ये, शोरूममध्ये माणूस हवाय हे त्यांना सांगणारं कोणी नसतं.

तुम्ही स्वतः माणसं घेत असाल, तर रुजू होतानाच बसपासाचे पैसे आणि थोडी उचल देऊन बघा.